एसओपी वाचणाऱ्याचं काम

शहापूर-मुरबाडकडच्या मुलामुलींनी पदव्युत्तर शिक्षणाच्या अर्जासाठी लिहिलेल्या एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज) वाचायच्या आणि त्यांवर अभिप्राय द्यायचा, हे काम करताना माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. या मुलांना अभिप्राय कमी मिळतो, ही अडचण आहेच. पण जो मिळतो तो उलट्या क्रमानं मिळतो, आणि ती अडचण जास्त मोठी आहे. मसुदा हाती पडला की वाचणारा आधी इंग्रजी दुरुस्त करतो. मग घरची परिस्थिती अजून नीट येऊ दे असं सुचवतो. शेवटी विद्यापीठाच्या गौरवाची दोन वाक्यं घालायला सांगतो. अर्ज करणाऱ्याला नेमकं काय ठाऊक आहे, ते त्याला कुठून कळलं आणि त्यातलं काय अजून उलगडलेलं नाही, हे मात्र कोणी विचारत नाही. प्रवेश समिती तर नेमकं तेच शोधत असते. माझं म्हणणं असं आहे की अशा मसुद्यावरचा पहिला अभिप्राय प्रश्नांचा असायला हवा, आणि निदान एक वाचक असा हवा ज्याला तालुक्याचं पाणी, जंगल आणि कचेरी माहीत आहे. भाषेची दुरुस्ती त्यानंतर. हा क्रम चुकला तर चांगल्या मनानं दिलेला अभिप्रायही अर्ज कमकुवत करतो.

ठाणे जिल्ह्यातले हे दोन्ही तालुके मुंबईपासून फार लांब नाहीत. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही शहापूरची स्थानकं मध्य रेल्वेच्या लोकलवर आहेत. मुरबाडला रेल्वे नाही, कल्याणहून एसटी किंवा जीप धरावी लागते. तरीही डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई या बाजूचं मूल आश्रमशाळेतून बाहेर पडून शहापूरच्या किंवा शिवळ्याच्या महाविद्यालयात मुंबई विद्यापीठाची पदवी घेतं, तेव्हा देवनारचं टिस, बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ किंवा परदेशातला एखादा अभ्यासक्रम यांसाठी स्वतःबद्दल काय लिहायचं असतं, हे सांगणारं घरात आणि पाड्यावर सहसा कोणी नसतं. स्पर्धा मात्र मोठी असते. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या वर्षाला सगळ्या देशासाठी 20 जागा आहेत, त्यांतल्या 3 विशेष असुरक्षित आदिम जमातींसाठी राखीव. या दोन तालुक्यांतला कातकरी समाज त्याच यादीत येतो. अशा वेळी आधी निवड झालेल्या कोणाची तरी एसओपी व्हॉट्सॲपवरून फिरत येते आणि तोच नमुना ठरतो. मग सगळ्यांचे मसुदे एकाच वळणाचे होतात. लहानपणापासून समाजसेवेची आवड, आईवडिलांची मजुरी, कंदिलाखाली केलेला अभ्यास, शिक्षणानं बदललेलं आयुष्य, आपल्या नामांकित संस्थेत शिकण्याचं स्वप्न, आणि शेवटी समाजाचं ऋण फेडण्याचं वचन. यातलं एकही वाक्य खोटं नसतं, आणि म्हणूनच त्याला हात लावायला वाचणाऱ्याचं मन होत नाही. पण खरं असूनही ते वाक्य इतर शेकडो अर्जदारांना जसंच्या तसं वापरता येतं, त्यामुळे ते लिहिणाऱ्याची ओळख पटवत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या मुलीनं समाजकार्याच्या एम.ए.साठी लिहिलं आहे की मला सामाजिक न्यायात रस आहे आणि वंचितांसाठी काम करायचं आहे. मसुद्यात पुढे कुठेतरी, एका ओळीत, गावातल्या वनहक्क समितीला अर्ज भरायला मदत केल्याचा उल्लेख आहे. भाषा तपासणारा वाचक ही ओळ बरोबरची खूण करून पुढे जाईल. तालुका माहीत असलेला वाचक तिथेच थांबेल, कारण त्या एका ओळीच्या मागे काय काय असतं हे त्याला ठाऊक असतं. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार दावा करणारा आदिवासी 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ती जमीन कसत होता हे दाखवावं लागतं, आणि त्यासाठी एकाहून अधिक पुरावे जोडावे लागतात. जंगलखात्यानं कधीकाळी केलेल्या दंडाची पावती हा त्यातला एक चांगला पुरावा. ज्या कागदानं बापाला गुन्हेगार ठरवलं, तोच कागद लेकीच्या हातात हक्काचा पुरावा होतो. ज्यांच्याकडे पावती नाही त्यांच्यासाठी वडीलधाऱ्यांचे जबाब लिहून घ्यावे लागतात, शिवाराच्या खुणा सांगाव्या लागतात, जीपीएसनं प्लॉट मोजावा लागतो. मग दावा ग्रामसभेतून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो, आणि पुष्कळदा कमी क्षेत्रावर मंजूर होऊन किंवा नामंजूर होऊन परत येतो. ज्या मुलीनं हे अर्ज भरले आहेत, तिला पुरावा म्हणजे काय, तोंडी साक्ष आणि कागद यांत सरकार कोणाला जास्त मानतं, मोजणी आणि वहिवाट यांत अंतर का पडतं, हे हातानं केलेल्या कामातून कळलेलं असतं. कायद्याच्या किंवा समाजशास्त्राच्या वर्गात पहिल्या सहामाहीत जे शिकवतात, त्यातलं बरंच काही. तिला ते ज्ञान वाटत नाही, कारण तिच्या पाड्यात ते सगळेच करतात. म्हणून तिनं ते एका ओळीत उरकलेलं असतं.

इथे उपयोगी पडतात ते साधे प्रश्न. कोणता दावा परत आला? कारण काय दिलं होतं? ते कारण तुला पटलं का? जबाब लिहून घेताना म्हातारी माणसं कोणत्या गोष्टी सांगत होती, ज्यांना अर्जात रकानाच नव्हता? याच कामात तुझ्याकडून होऊ शकलं नाही असं काय होतं, आणि ते शिकायला तू तिथे चालली आहेस का? या प्रश्नांची उत्तरं मराठीत, बोलल्यासारखी लिहून आली तरी एसओपीचा गाभा तयार होतो. 'सामाजिक न्यायात रस' या शब्दांची मग गरजच उरत नाही, कारण नामंजूर दाव्यांची कारणं कशी ठरतात हा तिचा स्वतःचा, नेमका प्रश्न पुढे आलेला असतो. तिनं स्वतःहून त्याच्याभोवती चार वर्षं काढलेली असतात आणि तिला ते कळलेलंही नसतं.

पाण्याचं उदाहरण याहून अवघड आहे, कारण तिथे चांगलं वाक्य आधीच तयार आहे. मुंबईची तहान भागवणाऱ्या तालुक्यात आमच्या आया हंडे घेऊन फिरतात, हे वाक्य शहापूरच्या बहुतेक मसुद्यांत असतं. त्यात अतिशयोक्ती नाही. तानसा धरणाचं पाणी 1892 पासून मुंबईला जातं आहे, भातसाही याच तालुक्यात आहे, आणि उन्हाळ्यात इथल्या गावपाड्यांना टँकर लागतात. मुरबाडकडे बारवीचं तसंच: धरण औद्योगिक विकास महामंडळाचं, पाणी कारखान्यांना आणि शहरांना, आणि उंची वाढली तेव्हा बुडाले ते मुरबाडमधले पाडे. यातला अन्याय खरा आहे आणि तो लिहिलाच पाहिजे. पण हे वाक्य बातम्यांतून, भाषणांतून इतक्या वेळा येऊन गेलं आहे की ते लिहिणाऱ्याला पुढे विचार करायला लावत नाही. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात फेब्रुवारी-मार्चमध्ये विहीर का आटते, याला कारणं अनेक आहेत. खाली काळा बेसॉल्ट, वर पातळ माती, उतारावरून दोन दिवसांत वाहून जाणारं पाणी. कुठे नळयोजना झालेली असते, पण पंपाचं वीजबिल थकलेलं असतं. कुठे 2019 नंतरच्या जलजीवन मिशनचा नळ घरापर्यंत आलेला असतो आणि ज्या विहिरीवर तो अवलंबून आहे तीच कोरडी असते. तुझ्या पाड्यात यातलं कोणतं कारण आहे, हा प्रश्न विचारला की अर्ज करणारा गप्प होतो, मग घरी फोन लावतो, पाणीपट्टी कोण गोळा करतं आणि पंप कोण चालू करतं याची चौकशी करतो. ती चौकशी म्हणजेच त्याच्या अभ्यासाची सुरुवात असते. आयआयटी मुंबईतल्या सितारा या केंद्राच्या अभ्यासकांनी ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या ग्रामीण पाणीयोजनांवर लिहिलं आहे, तेही योजना का बंद पडतात या प्रश्नापासून सुरू होतं. पवईहून येऊन जो प्रश्न विचारता येतो, तो शेणव्याच्या किंवा खर्डीच्या मुलाला विचारता येणार नाही असं थोडंच आहे? त्याच्याकडे तर उत्तराचा अर्धा भाग आहे.

आता यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे. दुःख सांगू नका असं तुम्ही या मुलांना सांगता आहात का? ज्यांच्या वाट्याला अपमान आणि भूक आली त्यांनी ती झाकून ठेवायची आणि सुखवस्तू मुलांसारखं 'संशोधनाची दिशा' वगैरे लिहायचं, हा नवाच अन्याय झाला. मी तसं म्हणत नाही. दुःखाला अर्जात जागा आहे. ती जागा कुठे, एवढाच प्रश्न आहे. याबाबतीत बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनाइतकं स्पष्ट मार्गदर्शन दुसरीकडे मला सापडत नाही. 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. साताऱ्याच्या शाळेत जे भोगलं ते सोबत होतंच. 9 मे 1916 रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी जातींवरचा निबंध वाचला, त्यात स्वतःवर गुजरलेल्या एकाही प्रसंगाचं वर्णन नाही. त्यात एक प्रश्न आहे, की जात टिकते कशी? आणि एक उत्तर आहे, की जातीअंतर्गत विवाहाच्या बंधनामुळे, आणि ते बंधन टिकवण्यासाठी सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या प्रथा उभ्या राहिल्या. भोगलेलं सगळं त्या प्रश्नाच्या धारेत उतरलं आहे. पुढे जवळजवळ वीस वर्षांनी त्यांनी स्वतःच्या अनुभवांची 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ही टिपणं लिहिली, तिथे गोरेगावचा प्रवास, बडोद्यात राहायला जागा न मिळणं, हे सगळं आलं. दोन्ही लेखनं खरी आहेत, दोन्ही लागतात. पण कोणतं कुठे, याची निवड लिहिणाऱ्याची होती. आमच्या तालुक्यांतल्या मुलांना ही निवड नाकारली जाते. वाचणारे त्यांना फक्त या दुसऱ्या, अनुभवकथनाच्या लेखनाकडे ढकलतात, कारण गरीब मुलाकडून तेवढंच अपेक्षित असतं. अजून दोन प्रसंग घाल, वाचताना डोळ्यात पाणी यायला हवं, असं सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण अशा अभिप्रायातून अर्जदार याचक होतो, आणि विद्यापीठानं त्याला विद्यार्थी म्हणून घ्यावं अशी आपली मागणी असते. वडील भिवंडीजवळ वीटभट्टीवर जात होते, हे वाक्य तसंच ठेवावं. पण त्यापुढे भट्टीची उचल कशी फिटत नाही, दर हजार विटांचा हिशोब कोण ठेवतं, हे तुला ठाऊक असेल तर तेही लिहावं. वडिलांचं दुःख त्यानं कमी होत नाही. उलट ते समजून घेतलेलं दिसतं.

प्रश्नांतून अर्ज घडतो, याचा एक जुना दाखला आमच्या जिल्ह्यातलाच आहे. आनंदीबाई जोशी कल्याणच्या. त्यांच्या अमेरिकेच्या शिक्षणासाठी पहिलं पत्र लिहिलं ते त्यांचे पती गोपाळराव यांनी, रॉयल विल्डर या मिशनऱ्यांना, ज्यांनी पूर्वी कोल्हापुरात काम केलं होतं. विल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. त्यांचं उत्तर उत्साहाचं नव्हतं, ख्रिस्ती होण्याची अपेक्षा त्यात होती. तो मजकूर 1880 मध्ये न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला आणि त्यांनी मदतीचा हात पुढे केला, म्हणजे ते पत्र वाया गेलं नाही. पण ते आनंदीबाईंबद्दलचं पत्र होतं. त्यांचं स्वतःचं म्हणणं आकाराला आलं ते नंतर. 24 फेब्रुवारी 1883 रोजी बंगालमध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी भाषण केलं, आणि त्या भाषणाची रचनाच लोकांनी विचारलेल्या प्रश्नांवर आहे: अमेरिकेला का जाता, हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही का, एकट्या का जाता, परत आल्यावर वाळीत टाकणार नाहीत का, संकट आलं तर काय कराल, जे कोणा बाईनं केलं नाही ते तुम्ही का करता. हे प्रश्न प्रेमानं विचारलेले नव्हते. त्यातले काही टोमणेच होते. तरी आनंदीबाईंनी ते एकेक करून घेतले आणि उत्तरं दिली. मग अमेरिकेत पोचल्यावर, 28 सप्टेंबर 1883 रोजी, फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या आल्फ्रेड जोन्स यांना त्यांनी प्रवेशासाठी जे पत्र लिहिलं, त्यात उद्देश अगदी नेमका उतरला आहे: आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून मला शिकायचं आहे. त्यांचं स्वतःचं मूल दहा दिवसांत गेलं होतं. पत्राच्या युक्तिवादाचा भार मात्र त्या दुःखावर नाही. देशातल्या बायकांच्या स्थितीबद्दल त्यांना जे ठाऊक होतं त्यावर आहे. 11 मार्च 1886 रोजी त्यांना पदवी मिळाली आणि त्यांचा प्रबंधही हिंदू समाजातल्या प्रसूतिशास्त्रावर होता, म्हणजे पत्रातला प्रश्न त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. श्रीरामपूरच्या श्रोत्यांपेक्षा प्रेमळ वाचक आपल्या मुलांना मिळावेत, पण प्रश्न तितकेच थेट असावेत असं मला वाटतं.

दुसरा आक्षेप भाषेचा. समिती इंग्रजीत वाचते, तिथे प्रश्न कितीही मोलाचा असला तरी मोडक्या वाक्यांत तो दिसणार नाही, असं म्हणतात. हे बरोबर आहे आणि म्हणूनच भाषेचं काम टाळायचं नाही, फक्त शेवटी करायचं. याला व्यवहाराचं कारण आहे. पहिल्याच मसुद्यावर भाषेच्या खुणा केल्या की लिहिणारा त्या खुणा मिटवण्याच्या मागे लागतो आणि ज्या वाक्यात चूक व्हायची भीती आहे ते वाक्यच काढून टाकतो. नेमकं सांगायचं असतं तेव्हाच वाक्य लांबतं, अडखळतं; ठोकळेबाज वाक्य सहज बरोबर येतं. त्यामुळे लाल शाईला घाबरून जे गळतं ते बहुधा मसुद्यातलं सर्वांत चांगलं असतं. दंडाची पावती, वहिवाट, उचल, ग्रामसभेचा ठराव या गोष्टी इंग्रजीत कशा लिहायच्या हे त्या मुलाला ठाऊक नसतं, तेव्हा त्यानं त्या मराठीत लिहाव्यात, आणि इंग्रजी चांगलं असलेल्यानं त्याच्याशेजारी बसून, त्याला विचारत विचारत, त्या इंग्रजीत आणाव्यात. परस्पर घेऊन जाऊन नवं लिहून आणू नये. समितीसमोर मुलाखत द्यावी लागते तेव्हा हा फरक लगेच दिसतो. दुसऱ्यानं लिहिलेल्या वाक्यावर प्रश्न आला की अर्जदार अडतो, आणि मग समितीला संशय येतो तो त्याच्या प्रामाणिकपणाचा.

इथून तिसऱ्या आक्षेपाकडे येता येतं: एवढे प्रश्न विचारून, एवढं शेजारी बसून जे तयार होईल ते त्या मुलाचं राहतं का? ही मदत आहे की नक्कल? मला वाटतं रेषा इतकी धूसर नाही. वाचणाऱ्यानं दिलेला प्रश्न अर्जात येत नाही, उत्तर येतं, आणि उत्तर फक्त त्या मुलाकडेच असतं. उलट वाचणाऱ्यानं दिलेलं वाक्य अर्जात जसंच्या तसं जातं. शहरातल्या सधन घरांत असे प्रश्न जेवताना, प्रवासात, मावशीच्या घरी आपोआप विचारले जातात. तू हे का करतेस, मग पुढे काय, असं विचारणारी, स्वतः एम.ए., पीएच.डी. झालेली माणसं आजूबाजूला असतात, आणि त्याला कोणी मदत म्हणत नाही. ब्रिटनमध्ये पदवीच्या प्रवेशासाठी यूकॅस या संस्थेनं वर्षानुवर्षं चाललेला सलग मजकुराचा पर्सनल स्टेटमेंट 2026 च्या प्रवेशापासून बदलला आणि त्याजागी तीन प्रश्न आणले: हा विषय का, शिक्षणानं त्यासाठी कशी तयारी झाली, शिक्षणाबाहेर काय केलं. ज्यांना घरून मार्गदर्शन मिळत नाही अशांनाही काय लिहायचं ते कळावं, हा त्यामागचा एक हेतू. चेवनिंग शिष्यवृत्तीचा अर्जही नेतृत्व, संबंध जोडणं, ब्रिटनमधला अभ्यास आणि पुढची वाटचाल अशा चार ठरलेल्या विषयांवर निबंध मागतो. म्हणजे मागणारेच हळूहळू प्रश्नांकडे येत आहेत. ज्या पदव्युत्तर अर्जांत अजून कोरा कागदच समोर ठेवला जातो, तिथे ते प्रश्न वाचणाऱ्यानं पुरवावेत. यवतमाळहून सुरू झालेल्या राजू केंद्रे यांच्या एकलव्य इंडिया फाउंडेशनसारख्या संस्था पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना असे वाचक मिळवून देण्याचं काम करतात. प्रत्येक तालुक्यात ती पोच असेलच असं नाही.

हल्ली चौथाही एक आक्षेप ऐकू येतो, की फोनवरचं एआय हे सगळं करून देतं, मग माणूस कशाला? भाषा नीट करायला ते उपयोगी आहे आणि जिच्याजवळ इंग्रजी तपासणारं कोणी नाही अशा मुलीनं ते वापरू नये असं मी म्हणणार नाही. पण जे मसुद्यात आलेलंच नाही त्याबद्दल ते स्वतःहून विचारायला बसत नाही, आणि त्याला काम सोपवलं की ते रिकाम्या जागा गुळगुळीत वाक्यांनी भरून टाकतं. वनहक्काची ती एक ओळ त्याच्या हाती पडली तर ती आणखी देखणी होईल, पण एकच राहील. धसईचंच पाहा. डिसेंबर 2016 मध्ये ते राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं होतं. तिथल्या बाजारात वाढलेल्या आणि सार्वजनिक धोरण शिकायला निघालेल्या मुलानं डिजिटल व्यवहारांवर एक परिच्छेद मागितला तर तो त्याला झटक्यात मिळेल. भाजीवाली, किराणावाला आणि बँकेचं मशीन यांचं पुढे काय झालं, हे तू पाहिलं आहेस ना, मग ते लिही, असं सांगायला मात्र धसईचा बाजार ठाऊक असलेलं माणूस लागतं.

असं माणूस कोण, हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्यावरच सर्वांत कमी बोललं जातं. आपल्याकडे मसुदा दाखवायचा तो सरांना किंवा मॅडमना. सरांनी छान आहे म्हटलं की विषय संपतो, आणि सरांनी वाक्य बदललं की ते चुकीचं वाटलं तरी मूल बदलतं, कारण सरांना नाही कसं म्हणणार? यात सरांचाही दोष नाही. ते पन्नास कामांतून वेळ काढून वाचत असतात. पण त्यामुळे पहिला वाचक असा असावा ज्याच्यापुढे मूल वाद घालू शकेल. वर्षभरापूर्वी तोच अर्ज भरून गेलेली मुलगी, संघटनेचा कार्यकर्ता, वनहक्काचे नकाशे काढणारा मित्र. आणि मराठी मसुदा एकदा तरी गावात वाचून दाखवावा. आशाताईला आरोग्यावरचा परिच्छेद वाचून दाखवला तर ती लगेच सांगेल की बाळंतिणीची गाडी रस्त्यामुळे अडते की फोन न लागल्यामुळे. भट्टीवरून आलेल्या आजोबांना उचलीवरचं वाक्य वाचून दाखवलं तर आकडा कुठे चुकला ते कळेल. ही माणसं एसओपी म्हणजे काय हे जाणत नाहीत, आणि त्याची गरजही नाही. मजकूर खरा आणि पुरेसा आहे का, हे ती कोणत्याही प्राध्यापकापेक्षा आधी ओळखतात. त्या विभागात काय शिकवतात, कोणते प्राध्यापक कशावर काम करतात, हे जाणणारा दुसरा वाचक त्यानंतर लागतो, आणि भाषेचा वाचक सर्वांत शेवटी. तिघंही एकाच माणसात मिळाले तर उत्तमच, पण तशी वाट पाहण्यात अर्जाची तारीख निघून जाते.

तारखांचं तर आणखी वेगळं आहे. परदेशातले बरेचसे अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीत बंद होतात. नेमकी तेव्हा भातकापणी आणि झोडणी असते, आणि दिवाळी झाली की भट्टीवर जाणारी घरं गाव सोडतात. ज्यांना वाचून दाखवायचं ती माणसं पावसाळ्याच्या तोंडापर्यंत परतत नाहीत. म्हणून चौकशीचं काम उन्हाळ्याच्या शेवटीच उरकायला हवं, टँकर चालू असताना आणि माणसं परतत असताना. गणपतीपर्यंत मराठी मसुदा तयार व्हावा, नवरात्रापर्यंत त्यावरच्या प्रश्नांची उत्तरं लिहून व्हावीत, आणि इंग्रजीची बैठक दिवाळीच्या सुट्टीत, वसतिगृहातली मुलं घरी आलेली असताना बसावी. शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांनाही याच मसुद्याची प्रत सप्टेंबरातच द्यावी, म्हणजे त्यांच्या पत्रात विद्यार्थी मेहनती आणि नम्र आहे याच्यापलीकडे, त्यानं नामंजूर दाव्यांवर काय काम केलं तेही येईल. निवड झाली नाही तरी मसुदा आणि त्यावर विचारलेले प्रश्न जपून ठेवावेत. विद्यापीठं नकाराची कारणं सहसा कळवत नाहीत, आणि पुढच्या वर्षी त्याच पाड्यातून अर्ज करणाऱ्याला व्हॉट्सॲपवरच्या नमुन्यापेक्षा ते प्रश्न जास्त कामाला येतील.